बोट मोठी, ट्रेलर लहान: ओढायची की नाही, आणि ओढायची तर कशी

जुनी बोट घेताना सोबत ट्रेलर मिळाला की हायसं वाटतं. आपण इंजिन चालू करून ऐकतो, तळाला हात लावून बघतो, वायरिंग तपासतो, आणि ट्रेलरकडे जाता जाता एक नजर टाकतो. चाकं फिरतात ना, दिवे लागतात ना, झालं. मग बोट चढवून हिचला (गाडीच्या मागच्या जोडणीला) लावल्यावर कोणीतरी म्हणतं, "अरे, ही जरा मागे लोंबतेय का?" किंवा टायर बसल्यासारखे दिसतात. पहिल्या मालकाने नंतर मोठं इंजिन बसवलेलं असतं, नाहीतर ट्रेलर मुळात दुसऱ्याच बोटीसाठी बनलेला असतो.

अशा वेळी "हळू नेऊ, होईल काहीतरी" असं ठरवून निघू नका. लहान ट्रेलरने बोट सुरक्षित नेता येते, पण काही परिस्थितींतच. कुठल्या परिस्थितीत नेता येते आणि कुठल्या परिस्थितीत अजिबात नाही, हे घरी मोजून कळतं, रस्त्यावर नाही.

"लहान" म्हणजे नेमकं काय

ट्रेलर दोन प्रकारे लहान असू शकतो. एक, वजनाला लहान: बोट आणि ट्रेलर मिळून होणारं वजन त्याच्या पाटीवरच्या मर्यादेपेक्षा जास्त. दुसरा, मापाला लहान: वजन झेपतं, पण बोट लांब आहे, तिचा मागचा भाग आधाराच्या बाहेर लोंबतो किंवा ती आडवी नीट बसत नाही.

मापाचा लहानपणा बऱ्याचदा सुधारता येतो, निदान एका फेरीपुरता सांभाळता येतो. वजनाचा लहानपणा सांभाळता येत नाही. तिथे उपाय एकच, वजन कमी करणे. जास्त पट्टे बांधून, टायरमध्ये जास्त हवा भरून किंवा हळू चालवून एक्सलची (चाकांच्या आसाची) ताकद वाढत नाही. म्हणून सुरुवात नेहमी वजनापासून करा.

पाटी आणि वजनकाटा

ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर किंवा चौकटीच्या बाजूला धातूची पाटी असते. तिच्यावरचा सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे जास्तीत जास्त एकूण वजन. या आकड्यात ट्रेलरचं स्वतःचं वजनही धरलेलं असतं, आणि नवख्यांची पहिली चूक इथेच होते. पाटीवर 1200 किलो असेल आणि ट्रेलर 280 किलोचा असेल, तर त्यावर ठेवायला 920 किलोच उरतात.

दुसरी चूक माहितीपत्रकावर विसंबण्याची. तिथे छापलेलं वजन बहुधा रिकाम्या बोटीचं असतं, अनेकदा इंजिनाशिवायचं. हिशेब करून बघा. माहितीपत्रकात बोट 620 किलो. इंजिन 165. टाकीत 80 लिटर पेट्रोल, म्हणजे साधारण 60 किलो, कारण पेट्रोल लिटरमागे पाऊण किलोच्या आसपास भरतं. दोन बॅटऱ्या 45. नांगर, साखळी आणि दोर 20. लाइफ जॅकेट, हत्यारं, खोकी असं सटरफटर 40. झाले 950. त्यात ट्रेलरचे 280 मिळवा, 1230. कागदावर 300 किलो मोकळे दिसत होते, प्रत्यक्षात ट्रेलर 30 किलोंनी मर्यादेबाहेर गेला.

हेही झालं अंदाजाचं गणित. जुन्या बोटीच्या तळातल्या फोममध्ये पाणी मुरलेलं असेल तर वजन आणखी वाढतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे बोट चढवलेला ट्रेलर वजनकाट्यावर नेण्याला पर्याय नाही. वजनकाटा दूर असेल तर बोटीतली प्रत्येक सुटी वस्तू आधी उतरवा, टाकी रिकामी करा आणि तिथपर्यंत कमी वेगाने जा. काट्यावर दोन वजनं घ्या: आधी ट्रेलर गाडीला जोडलेला असताना फक्त त्याची चाकं काट्यावर ठेवून, मग ट्रेलर सोडून तो पूर्ण काट्यावर घेऊन. पहिला आकडा टायर आणि एक्सल किती उचलतात ते सांगतो, दुसरा एकूण वजन. दोन्हींतला फरक म्हणजे हिचवर पडणारा भार, त्याच्याकडे पुढे येतोच.

आता वजन उतरवू. वरच्या उदाहरणात पेट्रोल काढलं की 60 गेले, नांगर आणि सामान काढलं की आणखी 60, बॅटऱ्या काढल्या की 45. उरले 1065. पाटीवरची मर्यादा ही मर्यादा आहे, रोज गाठायचं लक्ष्य नाही. तिच्या 90 टक्क्यांच्या आत राहायचं असा माझा नियम आहे, आणि 1200 चे 90 टक्के म्हणजे 1080. बसलं. उतरवलेलं सामान गाडीत ठेवता येतं, पण गाडीचीही वाहून नेण्याची मर्यादा असते आणि त्यात हिचवरचा भार मोजला जातो. पेट्रोलचे भरलेले कॅन बंद गाडीत ठेवू नका.

आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून टांगलेलं) इंजिन काढून वेगळं नेणं हा सर्वांत परिणामकारक उपाय. एकदम 100-150 किलो कमी होतात आणि तेही ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकावरचे. फोर-स्ट्रोक इंजिन आडवं कुठल्या बाजूवर ठेवायचं हे ठरलेलं असतं, चुकीच्या बाजूवर ठेवलं तर तेल नको तिथे शिरतं. ते इंजिनाच्या पुस्तिकेत बघूनच ठेवा.

एवढं करूनही वजन पाटीच्या वर राहिलं तर या ट्रेलरने बोट न्यायची नाही. योग्य मापाचा ट्रेलर भाड्याने घ्या, बोट वाहून नेणाऱ्यांना सांगा, किंवा जवळ पाणी असेल आणि बोट चालती असेल तर पाण्यातून न्या. मर्यादेबाहेरचा ट्रेलर रस्त्यावर आणणं बहुतेक देशांत बेकायदा आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा वजन विचारते. आणि त्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या माणसाने तुमच्या निर्णयाला कधीच होकार दिलेला नसतो.

टायर आणि एक्सल: साखळीतली कमकुवत कडी

पाटी खरी असली तरी तिच्या खालची चाकं तीच असतील असं नाही. वर्षानुवर्षं टायर बदलले जातात आणि कोणीतरी जे मिळालं ते बसवून टाकतो. टायरच्या बाजूला मापानंतर एक आकडा आणि अक्षर असतं, उदाहरणार्थ 84एन. त्यातला 84 हा भाराचा निर्देशांक, म्हणजे एका टायरला 500 किलो. 80 म्हणजे 450, 90 म्हणजे 600, 95 म्हणजे 690. एक एक्सल आणि 84 चे दोन टायर म्हणजे चाकांवर जास्तीत जास्त 1000 किलो, पाटीवर काहीही लिहिलेलं असो. आपल्या उदाहरणात 1065 पैकी 80 किलो हिचवर गेले तर चाकांवर 985 राहतात. जेमतेम. मी असे टायर बदलूनच निघेन.

टायरचं वयही तिथेच छापलेलं असतं, चार आकड्यांत: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजून क्वचित जातात, बहुतेक वेळा उभ्या उभ्या उन्हात सुकून जातात. वरची नक्षी नवीकोरी दिसते आणि बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा असतात. पाच-सहा वर्षांपुढचा टायर आणि काठावरचं वजन ही जोडी एकत्र आणू नका. हवा सकाळी, टायर थंड असताना, त्याच्यासाठी सांगितलेल्या पूर्ण दाबापर्यंत भरा. कमी हवेचा टायर दर फेरीला जास्त वाकतो, वाकून तापतो आणि तापून फुटतो. सुट्या चाकाला विसरू नका.

मोठे टायर घातले म्हणून एक्सल मोठा होत नाही, आणि स्प्रिंगमध्ये एक पाटा वाढवला म्हणून चौकट मजबूत होत नाही. कपलर (गाडीला जोडलं जाणारं ट्रेलरचं तोंड), चौकट, स्प्रिंग, एक्सल, हब (चाकाचा मधला भाग), टायर यांपैकी जे सर्वांत कमी उचलतं, तेवढीच तुमच्या ट्रेलरची ताकद.

एक्सलने आधीच सोसलं असेल तर ते दिसतं. ट्रेलरच्या मागे दहा पावलं जाऊन खाली बसा आणि दोन्ही चाकांकडे बघा. चाकांचे वरचे भाग एकमेकांकडे झुकलेले दिसले, किंवा टायर फक्त आतल्या कडेने झिजले असतील, तर एक्सल वाकलेला आहे. लीफ स्प्रिंगचे पाटे सपाट झाले असतील किंवा उलटे वाकले असतील, टायर आणि मडगार्डमध्ये दोन बोटंही शिरत नसतील, तर पुढचं काही वाचण्याआधी ट्रेलर दुरुस्तीला द्या.

हिचवरचा भार: इथे घाई करू नका

या लेखातला एकच भाग नीट वाचायचा असेल तर हा वाचा. ट्रेलरचं पुढचं तोंड गाडीच्या बॉलवर, म्हणजे हिचच्या गोळ्यावर, खाली किती दाबतं, यावर तो सरळ चालणार की शेपटी हलवणार हे ठरतं. बोटीच्या ट्रेलरसाठी हा भार एकूण वजनाच्या साधारण 5 ते 10 टक्के असावा. मी 7-8 टक्क्यांवर ठेवतो. 1065 किलोला म्हणजे 75 ते 85. याच वेळी गाडीच्या पुस्तिकेत आणि हिचवर लिहिलेली बॉलची मर्यादाही ओलांडायची नाही.

आता मापाला लहान ट्रेलरचा प्रश्न इथे कसा येतो ते बघा. बोट पुढे सरकायला जागा नाही म्हणून ती 30 सेंटीमीटर मागे बसवली, असं धरू. सामान काढलेली बोट 785 किलोची आहे आणि एक्सलपासून बॉलपर्यंतचं अंतर 4 मीटर आहे. 785 गुणिले 0.3, भागिले 4, उत्तर 59. म्हणजे एका फुटाने बोट मागे गेली आणि हिचवरचा भार 80 वरून 21 किलोवर आला, एकूण वजनाच्या 2 टक्के. डोळ्याला फरक जवळपास दिसत नाही. रस्त्यावर मात्र तो ट्रेलर वेगळाच वागतो.

मी हे एकदाच अनुभवलंय. उताराचा सरळ रस्ता, ताशी 70 च्या आसपास वेग, बाजूने एक मोठा ट्रक पुढे गेला आणि गाडीचा मागचा भाग कोणीतरी हाताने डावीकडे-उजवीकडे ओढावा तसा ओढला जाऊ लागला. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. स्टिअरिंगने तो सावरायचा प्रयत्न केला की आणखी वाढायचा. पाय ॲक्सिलरेटरवरून काढून स्टिअरिंग नुसतं धरून ठेवलं, तेव्हा तो निवला. थांबून मोजलं तर तोंड एका हाताने उचलता येत होतं. तोंड सहज एका हाताने उचललं जात असेल तर तो ट्रेलर रस्त्यावर न्यायचा नाही, ही खूण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात पक्की बसली.

भार मोजायला घरचा वजनाचा काटा चालतो. सपाट जमीन, चाकांना पुढून-मागून ठोकळे. काट्यावर लाकडाचा ठोकळा उभा ठेवा, इतका उंच की त्यावर टेकलेला कपलर गाडीच्या बॉलच्याच उंचीला येईल. जॅक वर घ्या आणि आकडा वाचा. काट्याची क्षमता कमी पडेल असं वाटलं तर मजबूत फळीचं एक टोक काट्यावर आणि दुसरं तेवढ्याच उंचीच्या विटांवर टेकवा. विटांपासून 1 फूट आणि काट्यापासून 2 फूट अशा जागी कपलर टेकवला की काट्यावर एक तृतीयांश भार येतो. नुसत्या फळीमुळे काट्यावर दिसणारा आकडा वजा करून उरलेल्याला 3 ने गुणा.

भार कमी निघाला तर बोट पुढे घ्यायची. विंचचा (बोट ट्रेलरवर ओढणाऱ्या चरखीचा) खांब बहुतेक ट्रेलरवर यू-बोल्टने बसवलेला असतो, तो सैल करून पुढे सरकवता येतो. पुढे सरकवल्यावर गाडी पूर्ण वळवून बघा, बोटीची नाळ (पुढचं टोक) गाडीच्या मागच्या काचेला किंवा दाराला लागते का. खांब पुढे जायला जागाच नसेल तर काही ट्रेलरवर एक्सल मागे नेता येतो, पण तो दोन्ही बाजूंनी अगदी सारखा सरकवावा लागतो, नाहीतर ट्रेलर तिरका चालतो. एक्सलपासून बॉलपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजून मिलीमीटरात जुळवा. हे काम पहिल्यांदा करत असाल तर जाणत्या माणसाला सोबत घ्या. नाळेच्या कप्प्यात दगड किंवा पाण्याचे कॅन ठेवून भार वाढवायचा मार्ग सोपा दिसतो, पण मुळात वजन काठावर असताना त्यात भर घालण्यात अर्थ नाही.

मागचा भाग लोंबतोय का

बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीला, म्हणजे ट्रान्समला, इंजिन टांगलेलं असतं. पाण्यात तिला खालून सगळीकडून आधार मिळतो. ट्रेलरवर तो आधार फक्त बंकचा, म्हणजे बोट टेकते त्या दोन लांब फळ्यांचा. बंक ट्रान्समच्या आधीच संपले तर तळाचा शेवटचा भाग इंजिनाचं वजन घेऊन प्रत्येक खड्ड्याला खाली-वर होतो. काही महिन्यांत फायबरचा तळ बंकच्या टोकाशी वाकतो आणि मागे खालच्या बाजूला बाक येतो. असा बाक आलेली बोट पाण्यात नाळ खाली दाबून चालते आणि वळणावर दगा देते.

तपासायला बंकच्या मागच्या टोकाशी वाका आणि कागदाचा तुकडा तळ आणि बंक यांच्यामध्ये सरकवून बघा. बंक ट्रान्समच्या थेट खालपर्यंत किंवा त्याच्याही बोटभर मागे आलेला असावा आणि कागद कुठेच मोकळा फिरू नये. मग तळाच्या शेवटच्या दीड मीटरला सरळ पट्टी लावा. पट्टी मध्येच अधांतरी राहिली आणि ट्रान्समपाशी पुन्हा टेकली, तर बाक आधीच आलाय.

बंक कमी पडत असतील तर लांब फळ्या घालता येतात. फक्त त्या ट्रेलरच्या शेवटच्या आडव्या दांड्याच्या मागे अधांतरी सोडू नका. अधांतरी फळी बोटीबरोबरच वाकते, मग ती असून नसल्यासारखी. आडवा दांडा मागे घेता येत असेल तरच लांब फळीला अर्थ आहे. आणि लक्षात असू द्या, फळ्या लांबवल्याने आधार मिळतो, वजन पुढे येत नाही. हिचवरचा भार तरीही वेगळा मोजायचाच.

एका फेरीपुरतं नेताना बोट थोडी लोंबणारच असेल, तर इंजिन उतरवा. ट्रान्समवर काहीच नसताना वीतभर लोंबणं मला चालेल, इंजिनासकट नाही. लोंबणाऱ्या भागामुळे आणखी दोन गोष्टी होतात. वळताना मागचं टोक वळणाच्या उलट बाजूला बाहेर फेकलं जातं, शेजारच्या लेनमध्ये किंवा खांबावर. आणि खोलगट रस्त्यावर किंवा चढाच्या सुरुवातीला ते जमिनीला घासतं. मागच्या टोकाला लाल कापड किंवा दिवा, आणि दिव्यांची-नंबरची पट्टी बोटीच्या अगदी शेवटी बांधा, म्हणजे मागच्याला बोट कुठे संपते ते कळेल. लोंबण्याची कमाल लांबी प्रत्येक ठिकाणच्या नियमांत ठरलेली असते, ती निघण्याआधी बघून घ्या.

रुंदीला कमी पडणारा ट्रेलर कमी वेळा भेटतो, पण तो जास्त फसवा. बोट बंकच्या कडेवर उंच बसते आणि वळणावर कलते. हाताने बाजूने ढकलून बघा. बोट ट्रेलरवर डुलली तर बंक रुंद करून घेतल्याशिवाय निघू नका.

बांधणी

विंचचा पट्टा बोट वर ओढण्यासाठी असतो, प्रवासात धरून ठेवण्यासाठी नाही. नाळेच्या कडीतून विंचव्यतिरिक्त एक वेगळी साखळी ट्रेलरच्या दांड्याला लावा. विंचचा दात सुटला किंवा पट्टा तुटला तरी बोट तिथेच राहिली पाहिजे. त्याच कडीतून एक पट्टा पुढे-खाली ताणा म्हणजे ब्रेक लागला आणि सुटला तरी नाळ उडत नाही.

मागे सहसा ट्रान्समच्या दोन कड्यांपासून ट्रेलरच्या चौकटीपर्यंत रॅचेटचे दोन पट्टे लावतात. पण ट्रान्सम बंकच्या बाहेर लोंबत असेल तर हे पट्टे आवळू नका. आधार नसलेल्या भागाला तुम्हीच खाली ओढत असता आणि जो बाक टाळायचा तोच आणता. अशा वेळी बोटीवरून आडवे दोन पट्टे घ्या, दोन्ही बंकच्या वर येतील अशा जागी, आणि कडांना जाड कापड किंवा रबर द्या. मागच्या कड्यांपासून पुढच्या दिशेला तिरके दोन पट्टे फक्त बोट मागे सरकू नये एवढ्यापुरते, हलक्या ताणाचे.

पट्ट्यावर कामाचा भार लिहिलेला असतो, तो बघून घ्या. तुटण्याचा भार मोठा दिसतो, पण कामाचा भार सहसा त्याच्या एक तृतीयांश असतो. लांब पट्ट्याला एक पीळ दिला की वाऱ्यात फडफडत नाही. फडफडणारा पट्टा तासाभरात सैल होतो. बोटीच्या तळातलं पाणी सोडायचं बूच काढून ठेवा, म्हणजे पाऊस आला तरी आत पाणी साचून वजन वाढणार नाही.

जोडणी आणि चाकं

कपलरचं माप आणि बॉलचं माप दोन्हींवर छापलेलं असतं, ते एकच असलं पाहिजे. कपलर बसवून कुलूप लावल्यावर जॅकने ट्रेलरचं तोंड वर उचलून बघा. गाडीचा मागचा भाग सोबत वर आला तर पकड खरी बसली. मग जॅक पूर्ण वर घ्या. सुरक्षा साखळ्या कपलरच्या खाली एकमेकींना छेदून लावा, म्हणजे तोंड सुटलंच तर ते रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडेल. ट्रेलरला आपोआप ब्रेक लावणारी तार असेल तर ती बॉलला नाही, गाडीच्या पक्क्या भागाला अडकवा. अनेक देशांत एकूण 750 किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, आणि पाण्यात जाणाऱ्या ट्रेलरचे ब्रेक गंजून अडकलेले सापडतात. ते लागतात का, आणि लागल्यावर सुटतात का, दोन्ही बघा.

प्रत्येक चाक जॅकवर घेऊन वरून आणि खालून धरून हलवा. खळखळ जाणवली तर बेअरिंग सैल किंवा गेलेलं आहे. फिरवताना घरघर ऐकू आली तरी तेच. हबचं झाकण काढून ग्रीस बोटावर घ्या. ते त्याच्या मूळ रंगाचं आणि चिकट असेल तर ठीक. पांढुरकं, पातळ झालं असेल तर आत पाणी शिरलंय, आणि बेअरिंग उघडून नवं पाण्यात टिकणारं ग्रीस भरल्याशिवाय त्यावर एक किलोमीटरही जाऊ नये. चाकांचे नट टॉर्क पान्याने आवळा आणि पहिल्या 80-100 किलोमीटरनंतर पुन्हा.

रस्त्यावर

वेग हा तुमच्या हातातला सर्वांत मोठा उपाय. 60 वरून 80 वर गेलात की थांबवायची ऊर्जा जवळजवळ पावणेदोन पट होते. काठावरच्या ट्रेलरला मी 60-65 च्या वर जात नाही, उतारावर त्याहून कमी. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा. वळण रुंद घ्या, कारण ट्रेलरची चाकं गाडीच्या चाकांच्या आतून जातात. रात्र, जोराचा वारा आणि मुसळधार पाऊस टाळा. वाट लांब पडली तरी कमी रहदारीची निवडा.

पहिला थांबा पाच किलोमीटरच्या आत. खाली उतरा, पट्टे पुन्हा आवळा, कारण बोट बंकवर बसते आणि पट्टे हमखास सैल होतात. हबच्या मधोमध तळहात ठेवा. कोमट असेल तर ठीक, गरम पण हात ठेवता येईल इतपत असेल तर लक्ष ठेवा. हात झटकन मागे घ्यावा लागला तर तिथेच थांबा. एका प्रवासात दुसऱ्या थांब्यावर माझा डावा हब असाच भाजत होता आणि जळक्या ग्रीसचा वास येत होता, उजवा मात्र जेमतेम कोमट. ही तुलनाच सगळं सांगते. दोन्ही बाजू सारख्या असायला हव्यात. पुढचा थांबा 30 किलोमीटरवर, मग दर तासाला एक. प्रत्येक वेळी हब, टायर, पट्टे, कपलर, दिवे, याच क्रमाने, म्हणजे काही राहत नाही.

ट्रेलर डुलायला लागला तर ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढा, स्टिअरिंग सरळ धरा, झोक्याच्या उलट फिरवू नका. गाडीचे ब्रेक जोरात दाबू नका आणि वेग वाढवून तो सरळ करायचाही प्रयत्न करू नका. ट्रेलरच्या ब्रेकचं वेगळं बटण असेल तर फक्त ते हळूहळू वापरा. निवल्यावर बाजूला थांबून कारण शोधा. एकदा डुललेला ट्रेलर कारण न काढता पुढे नेला तर पुन्हा डुलणार.

पाण्याशी पोचल्यावर

लगेच पाण्यात उतरू नका. तापलेला हब थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. अर्धा तास थांबा. तेवढ्यात दिव्यांची वायर काढा, आडवे आणि मागचे पट्टे सोडा, इंजिन आणि बॅटऱ्या परत बसवा, बूच लावा. विंच आणि नाळेची साखळी बोट पाण्याच्या कडेला येईपर्यंत लावलेलीच असू द्या. उतारावर नुसत्या विंचच्या भरवशावर सोडलेली बोट सिमेंटवर पडायला एक क्षण पुरतो.

परतीसाठी एक काम निघण्याआधी घरीच करून ठेवा. बोट नेमक्या जागी बसलेली असताना बोटीच्या बाजूला आणि समोर ट्रेलरच्या मडगार्डवर रंगीत टेपची एकेक खूण चिकटवा. पाण्यातून बोट परत चढवताना ती बहुतेक वेळा चार-सहा इंच मागेच राहते, आणि ओल्या उतारावर ते लक्षात येत नाही. दोन्ही खुणा समोरासमोर आल्या नाहीत तर ट्रेलर पुन्हा थोडा पाण्यात घ्या आणि विंच फिरवा. मग बूच काढून तळातलं पाणी पूर्ण वाहून जाऊ द्या. धार थांबली तरी पाच मिनिटं आणखी थांबा, बोटीतल्या फळ्यांखाली अडकलेलं पाणी नंतर येतं. आणि निघताना पुन्हा पाच किलोमीटरवर पहिला थांबा.